आठ आणे आणि सव्वा महिना

यंदा गौरीच्या करंज्या करायला माझी भाची आली होती. करायला म्हणजे नावापुरतीच. सातवा सरून आठवा लागलेला, पाटावर बसवत नाही, म्हणून खुर्चीवर बसून कातण फिरवण्याचे काम तिने आपणहून घेतले होते. दहा-बारा करंज्या झाल्यावर कातण बाजूला ठेवून तिने पिशवीतून एक कागद काढला. तिच्या कचेरीतला बाळंतपणाच्या रजेचा अर्ज होता तो. नाव, हुद्दा, नोकरीला लागल्याची तारीख, प्रसूतीची अपेक्षित तारीख, रजा केव्हापासून हवी, सगळे रकाने तिने टापटिपीने भरले होते. शेवटचा तेवढा कोरा होता. त्यावर छापले होते, 'कामावर परत रुजू होण्याची तारीख.'

"मावशी," ती म्हणाली, "परत जायचं की नाही, तेच माझं अजून ठरत नाही. मग इथं तारीख लिहिली तर ती लबाडी होईल का गं?"

घरात या प्रश्नाची चर्चा होऊन गेली होती. सासूबाईंचे म्हणणे असे की मन द्विधा असेल तर आत्ताच राजीनामा द्यावा. फुकटचे पैसे घेऊन उगीच कुणाचे मिंधे राहू नये. नवऱ्याचे म्हणणे, तारीख ठोकून द्यावी, पुढचे पुढे पाहू. माझ्या बहिणीने, म्हणजे तिच्या आईने, लेकीपुढे घराच्या हप्त्यांचा हिशेबच मांडला. आणि ही बिचारी, चार जणींची चार मते ऐकून, तो कागद पिशवीत घालून माझ्याकडे आली होती.

मी तिला त्या दिवशी धड उत्तर दिले नाही. एक तर तेल तापले होते. दुसरे असे की उत्तर द्यायचे तर मला शंभर वर्षे मागे जावे लागले असते, आणि तळणीपुढे उभे राहून शंभर वर्षांची हकीकत सांगता येत नाही. ती आता निवांतपणे सांगते.

बाळंतिणीला विसावा द्यावा ही कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही. दहा दिवस सोयर, पुढे सव्वा महिना बाळंतिणीची खोली; शेक, शेगडी, ओव्याची धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. पहिले बाळंतपण माहेरी करायचे, म्हणजे सासरच्या कामाला आपोआपच सुट्टी. या सगळ्यामागे विटाळाची कल्पना होती हे खरे; बाईला थकवा आला असेल म्हणून तिला कुणी विहिरीवर जाऊ देत नसे असे नाही. परंतु कारण काहीही असो, पाठ टेकायला मिळत होती. माझ्या आजीला सात मुले झाली. ती म्हणे, आयुष्यात मी निजले ती तेवढीच.

मात्र बाळंतिणीची खोली असायला मुळात घराला दुसरी खोली असावी लागते. शेतावर मोलाने जाणाऱ्या बाईला सव्वा महिना कुणी दिला नाही. आणि मुंबईच्या गिरणगावात ज्या बाया एका खोलीत सात-आठ माणसांचा संसार करीत, त्यांना तो कुठून मिळणार? या रजेची आपल्याकडची खरी गोष्ट सुरू होते ती तिथे. पुष्कळांची अशी समजूत असते की बाळंतपणाची पगारी रजा ही कचेरीत जाणाऱ्या शिकलेल्या मुलींसाठी निघाली. तसे नाही. शिकलेल्या बायका त्या वेळी नोकरीत होत्या कुठे? अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्याची सेवासदन संस्था उभी राहिली. तिथून शिक्षिका आणि परिचारिका होऊन ज्या बाहेर पडल्या त्यांतल्या कितीतरी विधवा होत्या. पाळणा आणि पगार या दोन गोष्टी पांढरपेशा घरात एकत्र यायला अजून पुष्कळ वर्षे लागायची होती. गिरणीत त्या आधीपासूनच एकत्र होत्या.

पश्चिमेकडेही हा प्रश्न कारखान्यातूनच निघाला. स्वित्झर्लंडने १८७७ साली कायदा करून बाळंतपणाच्या आधीचे नि नंतरचे मिळून आठ आठवडे बाईने कारखान्यात काम करू नये असे ठरवले. त्यांतले सहा आठवडे बाळंतपणानंतरचे. जर्मनीने १८७८ मध्ये तीन आठवड्यांची बंदी घातली. इंग्लंडने १८९१ मध्ये चार आठवड्यांची. यात एक गोम होती. इंग्लंडच्या कायद्यात बंदी होती, पैसे नव्हते. म्हणजे बाईने घरी बसावे, आणि खावे काय ते तिचे तिने पाहावे. अशा रजेला उपवास म्हणणे जास्त बरोबर होईल. जर्मनीत १८८३ मध्ये आजारपणाचा विमा आला आणि त्यातून विमा उतरलेल्या बाईला त्या तीन आठवड्यांपुरते काहीतरी मिळू लागले.

पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. तिने बाळंतिणीविषयी एक करार मंजूर केला: प्रसूतीनंतर सहा आठवडे बाईला कामावर घ्यायचेच नाही, आधीचे सहा आठवडे सुट्टी घेण्याचा तिला हक्क, या काळात तिच्या नि बाळाच्या पोषणाला पुरेल एवढी रक्कम सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून, आणि कामावर आल्यावर बाळाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. आपला सव्वा महिना त्याच्या जवळपासचाच. आमच्या आज्यांनी हा हिशेब कुठल्या परिषदेत न जाता केला होता.

त्या परिषदेला हिंदुस्थानातील कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते नारायण मल्हार जोशी. गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले हे गृहस्थ. १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढून चाळी-चाळींतून हिंडलेले. हिंदुस्थानाने हा करार लगेच स्वीकारावा असे परिषदेने म्हटले नाही. सरकारने आधी चौकशी करावी एवढेच सुचवले. त्या ओघात मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या एका डॉक्टरीणबाईंना गिरणीतल्या बायकांची पाहणी करायला नेमले. त्यांचे टिपण १९२२ साली सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये छापून आले.

त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा बायका होत्या. त्यांचे काम बहुतेक वाइंडिंग नि रीलिंग खात्यांत. त्यांच्यावर नाईकीण असे. नाईकीण म्हणजे बायकांची मुकादम. कुणाला कामावर घ्यायचे, कुणाला घरी पाठवायचे हे तिच्या शब्दावर, आणि त्या शब्दाची दस्तुरी तिला पोचवावी लागे. दिवसाचे काम दहा तासांचे. तान्ह्या मुलाला घरी ठेवून यायचे तर ते तेवढा वेळ झोपले पाहिजे, म्हणून त्याला अफूची गोळी देण्याची चाल सर्रास होती. डॉ. बार्न्स यांनी ती पाहिली आणि लिहून ठेवली. आपल्याला हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि लगेच आईला दोष द्यावासा वाटतो. गोळी न दिली तर ती कामावर जाणार कशी, आणि कामावर न गेली तर खाणार काय, हे दोन प्रश्न आपण विचारीत नाही.

मुंबई शहरात १९२१ साली नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आतल्या मुलांचे मृत्यू ६०० हून अधिक होते. हा आकडा भयंकर आहे, पण तो जसाच्या तसा घेता येत नाही, आणि का घेता येत नाही यातच आपल्या विषयाचा एक धागा आहे. पुष्कळ गिरणीकामगार बाया बाळंतपणाला गावी जात. जन्म नोंदला जाई गावात, आणि मूल दगावले तर ती नोंद होई मुंबईत; त्यामुळे भागाकार चुके. म्हणजे असे की, भाचीच्या अर्जावरचा तो कोरा रकाना शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या जन्ममृत्यूच्या वह्यांतही होता. बाई गावी गेली; केव्हा परत येईल, येईल की नाही, कुणाला ठाऊक?

आमच्या माहेरच्या चाळीत तळमजल्यावर एक आजी राहत. रत्नागिरीकडच्या, लग्न होऊन मुंबईला आल्या त्या सरळ वाइंडिंग खात्यात. मी लहान असताना त्या निवृत्त झाल्या होत्या, पण हात स्वस्थ बसत नसत. लोकरीचा गुंडा दिला तर बोलता बोलता अशा वेगाने गुंडाळीत की आम्ही पोरे बघत राहायचो. त्यांच्या तोंडून मी हे ऐकलेले आहे. आठव्या महिन्यात बाई बोटीने गावी जायची. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून दिवस तसे पडले तर त्याच्याही आधी. गेली की नाव कटले. परत कधी येणार हे पुष्कळ गोष्टींवर अवलंबून. बोटी सुरू झाल्या का, गावी लावणी उरकली का, सासू मूल ठेवून घ्यायला तयार आहे का, आणि मूल जगले आहे का. परत आल्यावर नाईकिणीचे हात ओले करायचे आणि नव्याने कामाला लागायचे. आजींचे पहिले मूल १९२८ साली, मोठ्या संपात झाले. त्या पहिल्या मुलाविषयी त्या यापुढे काही सांगत नसत.

त्या संपाच्या वेळीच इकडे कायदेमंडळात बाळंतिणीची गोष्ट निघालेली होती. जोश्यांनी १९२४ साली दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात बिल आणले होते. कारखाने, खाणी आणि चहामळ्यांतल्या बायकांसाठी. ते १९२५ मध्ये नापास झाले. मग मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात आसवले यांनी मुंबईपुरते बिल आणले. सरकार त्याच्या बाजूचे नव्हते. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या बिलाच्या बाजूने बोलले. तेव्हा ते कायदेमंडळाचे सरकारनियुक्त सभासद होते, आणि बाहेर गिरण्यांची धुराडी एप्रिलपासून थंड होती.

त्यांच्या भाषणातला मुद्दा मला आजही ताजा वाटतो. बाईला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी सांगितले. म्हणून त्याचा भार काही अंशी सरकारने उचलायला हवा हेही त्यांनी मान्य केले. परंतु सरकार तो उचलीत नाही तोवर मालकाने उचलावा, कारण बायकांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो म्हणूनच तो त्यांना ठेवतो. ज्याच्या पदरात फायदा पडतो त्याने थोडी झीजही सोसावी, असा तो सरळ हिशेब होता. शेतावरच्या बाईला नाही मग गिरणीतल्या बाईलाच का, या आक्षेपालाही त्यांनी उत्तर दिले: कारखान्यातल्या कामाने प्रकृतीवर होणारा परिणाम वेगळा आहे. हा शेवटचा मुद्दा मला पुरता पटत नाही, तो का ते पुढे येईलच. पण एखादे बिल पास करून घ्यायचे असेल तेव्हा सगळ्या जगाचे दुःख एका बिलात कोंबता येत नाही, हेही खरे.

बिल १९२९ मध्ये पास झाले. हिंदुस्थानातला बाळंतपणाच्या भत्त्याचा हा पहिला कायदा. ठराविक महिने काम केलेल्या बाईला, ठरलेल्या मुदतीपुरते, दररोज आठ आणे. महिन्याचे पंधरा रुपये झाले. बाईच्या रोजच्या मजुरीहून ते थोडे कमीच. पण घरी निजून मिळालेले आठ आणे होते ते. मध्यप्रांताने १९३० मध्ये हाच कायदा उचलला, मद्रासने १९३४ मध्ये, बंगालने १९३९ मध्ये; खाणींसाठी १९४१ मध्ये निराळा कायदा झाला. आजींची धाकटी दोन मुले आठ आण्यांतली. त्या त्यांना कौतुकाने 'सरकारी पोरं' म्हणत. पैसे मालकाचे होते हे त्यांच्या गावीही नव्हते.

यानंतर जे घडले ते मात्र सांगायला जड जाते. ज्या बायकांसाठी हा कायदा झाला त्या गिरण्यांतून हळूहळू नाहीशा झाल्या. कारणे एकाहून अधिक होती. वाइंडिंगची नवी, भरभर चालणारी यंत्रे आली. बायकांना रात्रपाळी मना होती, आणि गिरण्या पाळ्यापाळ्यांनी चालू लागल्या. शिवाय बाळंतपणाचा भत्ता, पाळणाघर या गोष्टींचा खर्च मालकाच्या वहीत बाईच्या नावापुढे लिहिला जाऊ लागला. कुठले कारण किती, यावर अभ्यासकांचे वाद आहेत; माझ्या समजुतीप्रमाणे यंत्रे आणि पाळ्या हे मोठे कारण, आणि भत्ता हे सांगायला सोयीचे. परंतु भत्त्याची भीतीही अगदी खोटी नव्हती. सरकारने हा भार वाटून घ्यावा असे आंबेडकर म्हणाले होते ते याचसाठी. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला आणि त्यात बसणाऱ्या बायकांपुरता हा खर्च मालकाच्या वहीतून विम्याच्या वहीत गेला; पण तोवर वाइंडिंग खात्यातले पुष्कळ साचे पुरुषांच्या हाती गेले होते. स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीचा अहवाल १९७४ साली आला, त्यात ही घट नोंदलेली आहे. या बायकांना 'तू परत येणार का?' असे कुणी विचारलेच नाही. उत्तर दुसऱ्यांनीच देऊन टाकले.

आणि त्यांनी मिळवलेली रजा मात्र राहिली. ती आमच्या हाती आली.

१९६१ साली साऱ्या देशासाठी एक कायदा झाला. बारा आठवड्यांची पगारी रजा. त्यात प्रसूतीनंतरचे सहा आठवडे काम करायला सक्त मनाई. रजेच्या काळात बाईला कामावरून काढता येणार नाही. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजायला दिवसातून दोन सुट्ट्या. कागदावर सगळे नीट होते. पण कागदावरचे पदरात पडायला पुन्हा भांडावे लागले. कोइमतूर जिल्ह्यातल्या एका मळ्यावरच्या कामकरणीला बारा आठवड्यांचे पैसे देताना मालकाने बारा रविवार वगळले. रविवारी काम नसते, मग पैसे कसले, असे म्हणणे. बारा रविवारांचा हा तंटा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि आठवडा म्हणजे रविवारासकट सात दिवस, हे १९७७ साली तिथून ठरून आले! १९८१ साली हवाई सुंदरींचा खटला निकाली निघाला. एअर इंडियाच्या नियमात पहिले मूल राहताच नोकरी संपत असे. न्यायालयाने तो नियम रद्द केला. १९९१ मध्ये आयुर्विमा महामंडळातून काढलेल्या एका मुलीला न्यायालयाने परत कामावर घ्यायला लावले. तिने नोकरीला लागताना गरोदरपण लपवले असा तिच्यावर ठपका होता, आणि तिच्याकडून भरून घेतलेल्या छापील अर्जात तिच्या मासिक पाळीचीही चौकशी होती. अर्जांचे रकाने काय काय विचारू शकतात, पाहा.

माझी स्वतःची रजा १९७८ सालची. बारा आठवडे म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस. मी ते बोटांवर मोजून काढले. रजेवर जाताना आमचे हेडक्लार्क चष्म्यावरून पाहत म्हणाले होते, "परत येणार ना, बाई? की आपलं सांगायचं म्हणून सांगताय?" मी 'येणार तर!' म्हटले. खरे सांगायचे तर मला काहीच ठाऊक नव्हते. पाजायला दोन सुट्ट्या कायद्यात होत्या. पण माझे बाळ दादरला आणि मी फोर्टात. मधल्या सुट्टीत गच्चीच्या जिन्यात उभी राहून मी पदर घट्ट लपेटून घेत असे, आणि पहिल्या महिन्यात एक राजीनामा लिहून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला होता. तो आठ महिने तिथेच होता. घड्यांवर फाटून गेला तेव्हा टाकून दिला.

मी नोकरीवर टिकले ती कायद्यामुळे नव्हे. तळमजल्यावरच्या त्या आजींनी माझे मूल सांभाळले म्हणून टिकले. त्या तेव्हा सत्तरीला आल्या होत्या. मी त्यांना महिन्याला काही पैसे देत असे. ते त्या मोजून न पाहता उशीखाली सारीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक गोष्ट बजावली होती. "पोर रडलं तर रडू दे," त्या म्हणाल्या, "मी त्याला झोपेचं काही देणार नाही." त्या वेळी मला त्याचा अर्थ लागला नव्हता. डॉ. बार्न्स यांच्या पाहणीविषयी मी वाचले ते पुढे पुष्कळ वर्षांनी, आणि वाचता वाचता थांबले.

२०१७ मध्ये कायदा सुधारला. पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाले, त्यांतले जास्तीत जास्त आठ प्रसूतीच्या आधी घेता येतात. पन्नास किंवा अधिक माणसे कामावर असतील तिथे पाळणाघर हवे. हीच तत्त्वे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतली आहेत. चौऱ्याऐंशी दिवसांच्या बाळंतिणीला सव्वीस आठवडे हे माहेरपणच वाटते. पण शेतावरच्या बाईचे काय, हा १९२८ चा आक्षेप अजून तिथेच उभा आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला 'कोयता' म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. आगाऊ उचल घेतलेली असते, आणि खाडा झाला तर दंड. तिथे बाळंतीण झालेली बाई किती दिवसांनी फडावर जायची ते तिचे मन ठरवीत नाही, उचल ठरवते. परत जायचे की नाही याचा विचार करायला वेळ मिळणे, हेच केवढे भाग्य आहे! भाचीला मी हे ऐकवले नाही. दुसरीचे दुःख सांगून कुणाची अडचण सुटत नाही, आणि आठव्या महिन्यात तर नाहीच.

गौरी विसर्जनानंतर ती पुन्हा आली तेव्हा मी तिला एवढेच सांगितले. कायद्याने ही रजा मिळते ती मागे केलेल्या कामावर. पूर्वी एकशे साठ दिवस लागत, १९८८ पासून प्रसूतीच्या आधीच्या वर्षभरात ऐंशी दिवस काम झालेले असले की पुरे. पुढे काम करण्याच्या वचनावर ती मिळत नाही. १९६१ च्या कायद्यात बाईने द्यायच्या नोटिशीत काय लिहावे हे सांगितले आहे: रजा कोणत्या तारखेपासून, पैसे कुणाच्या हाती द्यायचे, आणि रजेच्या पैशांवर असताना मी दुसरीकडे काम करणार नाही. परत येईन असे लिहून द्या, असे त्यात नाही. न आल्यास पैसे परत करा, असेही नाही. इंग्लंडात १९७५ च्या कायद्याने जागा राखून ठेवायची तर बाईला आधीच सांगावे लागे की माझा परत येण्याचा इरादा आहे; म्हणून ज्यांचे ठरलेले नसे त्याही 'येणार' म्हणून ठेवीत. आपल्याकडे कायदा करणाऱ्यांनी हा प्रश्न विचारलाच नाही. मुद्दाम की नजरचुकीने, देव जाणे. तुझ्या अर्जातला शेवटचा रकाना कचेरीने आपल्या सोयीसाठी छापलेला आहे. सव्वीस आठवडे मोजून जी तारीख येते ती लिही. त्यात लबाडी नाही. रजा संपते ती तारीख आहे ती. पुढे जायचे नाही असे ठरलेच, तर राजीनाम्याची मुदत नेमणूकपत्रात दिलेली असते. ती पाळ आणि ताठ मानेने बाहेर पड. सासूबाईंना म्हणावे, यात मिंधेपणाचे काही नाही.

तिची कचेरी लोअर परळला आहे. जुन्या गिरणीच्या आवारात उठलेल्या एका काचेच्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर. खाली धुराडे तेवढे शोभेसाठी राखले आहे. तिथे कधीकाळी वाइंडिंग खाते कुठल्या अंगाला होते हे सांगणारे आता कुणी उरलेले नाही.

तिने माझ्या टेबलावरचे कालनिर्णय काढले, पाने उलटून आठवडे मोजले आणि तारीख लिहिली. पेनाने लिहिली. मग टोपण लावताना, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मावशी, पाळणाघर आहे कचेरीत, पण तिथे वर्षाच्या आतलं मूल घेत नाहीत. समजा, मी परत जायचं ठरवलंच, तर पहिले सहा महिने तू सांभाळशील?"

माझे गुडघे दुखतात. दुपारी मला झोप लागते. सकाळचे फिरणे आणि शनिवारचे भजन आहे. शिवाय दादरहून ठाण्याला रोज जायचे की त्या बाळानेच इकडे यायचे, हाही एक प्रश्नच. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तिच्या घरी पाळणा हलत असेल. तिने रकाना भरून टाकला. माझे मात्र अजून ठरलेले नाही.